बिघाड सापडेपर्यंत बंद

रविवार, ७ जानेवारी

सलग तिसऱ्या रविवारी तेच. दहाला कॉम्प्युटरवर खेळ सुरू केला, दहा सत्तावीसला पडदा काळा. पंखे पिसाळल्यासारखे फिरत राहिले आणि लेकीचा आवाज आणखी चार-पाच सेकंद कानात येत राहिला. मग तोही गेला. बटण दाबून धरलं, मशीन बंद केलं, परत लावलं. खेळात परत शिरेपर्यंत बारा मिनिटं गेली. तोवर तिला कुणीतरी हाक मारली होती, ती उठून गेली.

एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. रोजचं लॉगबुक असायचं: तारीख, वेळ, तक्रार, काय केलं, सही. निवृत्त झालो आणि ती सवय सुटली. आता पडद्यावर चित्रं काढणाऱ्या या ग्राफिक्स कार्डानं परत लावली. बिघाड लिहून काढल्याशिवाय सापडत नाही, हे मी हाताखाली आलेल्या प्रत्येकाला सांगत आलो. म्हणून ही वही. यात दुसरं काही लिहायचं नाही.

पण पहिल्या पानावर यंत्राची माहिती लिहायची पद्धत आहे, तेवढी लिहितो.

बायको जाऊन तीन वर्षं होतील. ही होती तोवर लेकीचा फोन हिला यायचा, मला नुसता निरोप मिळायचा. ही गेल्यावर फोन मला यायला लागला आणि दोघांचीही पंचाईत झाली. जेवलात का. हो. गोळ्या घेता ना. घेतो. जावई बरे आहेत ना. आहेत. बरं मग. याच्या पुढे कधी गाडी सरकली नाही. दोष माझा आहे. हाताला काम नसलं की मला बोलता येत नाही.

गेल्या वर्षी लेकीनंच हा खेळ शोधून काढला. नदीतली मालबोट. ती तिच्या घरून सुकाणू धरते, मी माझ्या घरून इंजिन सांभाळतो. ती कॅप्टन, मी इंजिनवाले. दर रविवारी दहा ते बारा. नदी अरुंद असली की कामच काम, पण धरणामागच्या मोठ्या सरोवरात शिरलो की अर्धा-पाऊण तास करायला काही नसतं. नुसतं पाणी. तिथं ती बोलते. ऑफिसातली तिची तोंडाळ साहेबीण मला आता चांगली माहीत आहे. लहानपणी लिफ्टच्या खोलीत तिला घेऊन गेलो होतो, तेव्हा ती घाबरली होती आणि मला सांगितलं नव्हतं, हेही तिथंच कळलं. पंचवीस वर्षांत ऐकलं नसेल तेवढं एका वर्षात ऐकलं.

जुन्या कार्डावर पाणी चिखलासारखं दिसायचं, पण चालायचं. डिसेंबरात खेळवाल्यांनी सुधारणा केली आणि जुनं कार्ड चालणार नाही म्हणाले. म्हणून हे नवं, भलंमोठं, तीन पंख्यांचं. आता पाणी इतकं खरं दिसतं की बघत राहावं. पण बघू देईल तर ना.

हे कार्ड चाललं नाही तर मी परत ‘जेवलात का’वर येणार. तेवढ्यासाठी हा खटाटोप.


मंगळवार, ९ जानेवारी

दुकानात जाऊन आलो. दुकानवाली बाई चाळिशीची, हुशार आहे, पण कुठलीही तक्रार सांगा, तिचं उत्तर एकच. ‘नवा ड्रायव्हर टाका, काका.’ मी तिचं नावच ड्रायव्हरबाई ठेवलंय. तोंडावर म्हणालो तरी हसते.

ड्रायव्हर म्हणजे कार्डाला काय करायचं ते सांगणारा प्रोग्राम. तो दर महिन्याला नवा येतो म्हणे.

‘म्हणजे दर महिन्याला मागचा चुकला होता हे कबूल करतात,’ मी म्हणालो.

‘कबूल कुठं करतात? नवा देतात,’ ती म्हणाली.

घरी येऊन मशीन उघडून बघितलं. आत सगळं कसं विंचरल्यासारखं आहे. डिसेंबरात तिच्या दुकानातून कार्ड बसवून आलं तेव्हा आतल्या वायरींचा नुसता गुंता होता. मला बघवेना. सगळ्या सोडवल्या, जास्तीची काढून ठेवली, बाकीच्या लिफ्टच्या पॅनेलमध्ये बांधतो तशा सरळ बांधल्या. माझ्या पॅनेलला साहेब लोक पाहुण्यांना घेऊन यायचे दाखवायला. तेव्हा जोडणीत दोष नाही. कार्ड नाहीतर ड्रायव्हर, दोनातलं एक.


रविवार, १४ जानेवारी

ड्रायव्हर: नवा. चालला: ३१ मिनिटं. लक्षणं: सरोवरात पाण्यावर जांभळे ठिपके, मग काळोख.

लेकीचा आवाज हल्ली फार बारीक येतो. जावई झोपलेत म्हणाली. रविवारी माणसाला झोप हवीच. म्हटलं माइक बदल, चांगला घे, तर हो म्हणाली.

सरोवरात शिरल्यावर विचारते, ‘बाबा, आई कधी घर सोडून गेली होती का हो? तुमच्यावर रागावून?’

म्हणालो, गेली होती एकदा. चार दिवस, तिच्या बहिणीकडे. तू दोन वर्षांची असशील.

‘मग परत कशी आली?’

मी आठवत होतो, तेवढ्यात पडदा गेला. परत लावल्यावर म्हणालो, काय विचारत होतीस? म्हणाली, ‘जाऊ दे.’ खरं सांगायचं तर ही परत कशी आली ते मलाही माहीत नाही. एका संध्याकाळी कामावरून आलो तर स्वयंपाकघरात दिवा होता. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

गंमत म्हणजे लेक काही मनातलं बोलायला लागली की हे हमखास पडतं. योगायोग. बिघाडाचा आणि बोलण्याचा काय संबंध?


बुधवार, १७ जानेवारी

नवा ड्रायव्हर मुळासकट काढला. दोन महिन्यांपूर्वीचा टाकला. खेळ म्हणतो, हा ड्रायव्हर जुना आहे, चालणार नाही. मधला टाकला. तो चालला, पण पडद्याच्या कडेला पांढऱ्या रेघा. असो म्हटलं, रेघांसकट खेळू.

आज सकाळी बघतो तर मशीननं आपणहून, मला न विचारता, परत नवा टाकून ठेवलाय. ये रे माझ्या मागल्या. माझ्या घरात, माझ्या मशीनवर, माझ्या परवानगीशिवाय. लिफ्टमध्ये असं कुणी केलं असतं तर त्याला मी कॉलर धरून खाली आणला असता. इथं कॉलर कुणाची धरायची?

चार तास गेले. पाठ धरली.


रविवार, २१ जानेवारी

आज डोकं चालवलं. सरोवरात पाणी फार, उजेड फार, तिथं कार्डाला दम लागतो. म्हणून बोट कालव्यात घातली. अरुंद कालवा, दर दोनशे मीटरला पाण्याचं दार. दार उघडा, पाणी भरा, दार लावा. पन्नास मिनिटं चाललं, एकदाही पडलं नाही. मी खूश.

बोलणं मात्र काहीच झालं नाही. ‘बाबा, उघडा’, ‘बाबा, लावा’, एवढंच.

शेवटी ती म्हणाली, ‘थोडं सरोवरात जाऊ या ना.’ म्हणालो, नको, पन्नास मिनिटं झालीत, तास पुरा होऊ दे. मग म्हणाली, ‘नाहीतर बाजूला फोन चालू ठेवू या का? खेळ पडला तरी बोलणं पडणार नाही.’

मी म्हणालो, एका कानाला हे, दुसऱ्या कानाला फोन, मी काय टेलिफोन ऑपरेटर आहे? हसेल वाटलं होतं.

मग तिच्यासाठी म्हणून गेलोच सरोवरात. सहा मिनिटं. ती म्हणत होती, ‘बाबा, मी काही दिवस—’ आणि काळोख. मुठीनं टेबल हाणलं. करंगळी सुजली आहे.


मंगळवार, २३ जानेवारी

जुना जोडीदार आला होता चहाला. बावीस वर्षं आम्ही दोघं एका लिफ्टवर, तो वर, मी खाली. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी आहेत. ते माझ्यामुळे. नऊ मजली इमारत होती. लिफ्ट मध्येच अडायची, मग आपोआप चालायची. दिवसभर शोधलं, बिघाड सापडला नाही. दुपारनंतर बरी चालली म्हणून मी सही करून सोडली. दुसऱ्या दिवशी तो बघायला वर गेला आणि ती नको तेव्हा हलली. तो मला एका शब्दानं कधी बोलला नाही. पण त्या दिवसापासून माझा नियम, बिघाड सापडल्याशिवाय लिफ्ट सोडायची नाही. लोक शिव्या देवोत, साहेब ओरडो, पाटी लावायची आणि किल्ली खिशात.

त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, ‘अरे, ती लिफ्ट होती. हा खेळ आहे. यात कुणाची बोटं जाणार आहेत?’

‘सवय ती सवय.’

‘आणि एक ऐक. तू लिफ्ट बंद ठेवलीस म्हणून माणसं घरी जायची थांबत नाहीत. जिन्यानं जातात.’

म्हटलं, बस झालं शहाणपण, बिस्किट घे. त्यानं दोन घेतली आणि लेक कशी आहे विचारलं. मजेत आहे म्हणालो.


रविवार, २८ जानेवारी

नऊ मिनिटं. सरोवरात शिरलो आणि लगेच काळोख.

मी निर्णय घेतला. फोन करून लेकीला सांगितलं, आता बंद. बिघाड सापडेपर्यंत कुणी बोटीवर चढायचं नाही. दर रविवारी अर्धवट बोलणं तोडायचं, यात तुझाही जीव जातो आणि माझाही.

‘किती दिवस?’

‘सापडेपर्यंत.’

‘मला अर्धवट चालेल, बाबा. पंधरा मिनिटं तर पंधरा मिनिटं.’

‘अर्धवट चालणारी लिफ्ट बंद लिफ्टपेक्षा वाईट.’

‘मग साधे पत्ते खेळू या ना ऑनलाइन. त्याला कार्ड लागत नाही.’

पत्ते खेळताना लक्ष पत्त्यांत राहतं, बोलणं काय होणार? तिला म्हणालो, एकदा कायमचं नीट करू दे, मग बोल हवं तेवढं, दोन तास, तीन तास. ती मग ‘बरं’ म्हणाली. समजूतदार आहे, आईवर गेली आहे. हीसुद्धा असंच एकदा बरं म्हणाली की विषय संपायचा.


गुरुवार, १ फेब्रुवारी

कार्ड ड्रायव्हरबाईकडे दिलं. ती कंपनीकडे पाठवेल, दोन-तीन आठवडे लागतील. पावतीवर ‘ग्राहकाची तक्रार’ म्हणून तिनं एक ओळ लिहिली. मी म्हणालो, थांबा, आणि वहीतला तक्ता उतरवून दिला. तारीख, ड्रायव्हरचा नंबर, किती मिनिटं, कुठल्या पाण्यात. तिनं वाचला. म्हणाली, ‘काका, तिथं कुणी एवढं वाचत नाही.’ म्हटलं, मी वाचायचो.


सोमवार, ५ फेब्रुवारी

काल दहा वाजता खुर्चीत जाऊन बसलो होतो. सवयीनं. मशीनला कार्डच नाही.

आज सकाळी लेकीचा फोन. आडवारी, ऑफिसच्या वेळेत कधी करत नाही.

‘बाबा, माझ्या खोलीत माझी कॉट आहे ना अजून?’

‘आहे की. पण तिच्यावर सगळं मशीन उघडून मांडलंय. कार्ड नाही तोवर बाकीचं तपासतोय. का गं?’

‘सहज.’

‘पंधरा-वीस दिवसांत मोकळी होईल. पसारा नाही राहू देणार.’

‘नाही, तसं नाही,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘तुम्ही काम करा. झालं की सांगा मला.’

लग्न होऊन चार वर्षं झाली, तरी खोलीत पसारा झालेला लेकीला अजून खपत नाही. रॅम दुसऱ्या खाचेत घालून बघितली, काही फरक नाही. पंख्यांतली धूळ काढली.


रविवार, ११ फेब्रुवारी

लेकीचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात स्क्रू होते आणि हातात पॉवर सप्लाय. मागं पुष्कळ बायकांचे आवाज, भांडी वाजत होती. पाहुणे आहेत का म्हटलं, तर हो म्हणाली, तसंच काहीसं.

‘बाबा, वेळ आहे का?’

म्हणालो, आत्ता हात अडकलेत, एक स्क्रू आत पडला तर सगळं बोंबललं. आठवड्याभरात कार्ड येतंय, मग निवांत बोलू.

‘बरं. जपा.’

तो स्क्रू पडलाच. तासभर शोधला.


सोमवार, १९ फेब्रुवारी

कार्ड आलं. सोबत कागद. छापील, खाली शिक्का. ‘दोष आढळला नाही.’

अठरा दिवस. दोष आढळला नाही. अरे, मग मी काय रविवारी रविवारी काळोख बघत बसलो होतो?

रागाच्या भरात कागद चुरगाळला आणि मग परत सरळ केला, कारण हे तीन शब्द माझ्या ओळखीचे आहेत. मी स्वतः लिहिलेत, शेकड्यांनी. सातव्या मजल्यावरची म्हातारी रोज सांगायची, लिफ्ट थरथरते. मी जायचो तेव्हा थरथरायची नाही. लिहायचो, दोष आढळला नाही, सही. म्हातारी म्हणायची, तुम्ही उभे असलात की ती शहाण्यासारखी वागते. मी हसून खाली उतरायचो. पुढे ती जिनाच वापरायला लागली. एकेक पायरी.


बुधवार, २१ फेब्रुवारी

कार्ड बसवलं. एकटाच बोट घेऊन सरोवरात गेलो. सत्तावीस मिनिटं आणि काळोख.

हात टेकले. मी बिघाडाला कधी हार गेलेला माणूस नाही, पण आज खुर्चीत बसून रडलो. वहीत लिहायला लाज वाटते, पण लिहितो. या वयात एका डबड्यापुढे रडायचं. डबडं कसलं, मला पोरीशी बोलायचंय. तेवढंच हवंय. बाकी ते पाणी खरं दिसो नाहीतर चिखलाचं, मला काय करायचंय?

फोन लावला. वाजून वाजून थांबला. थोड्या वेळानं मेसेज आला, ‘कामात आहे. तुम्ही जेवण वेळेवर करत जा.’ तो चार वेळा वाचला.


शनिवार, २४ फेब्रुवारी

सापडला.

सगळं मशीन उचलून ड्रायव्हरबाईच्या दुकानात नेलं. म्हटलं, तुमचे ड्रायव्हर घ्या, तुमचं कार्ड घ्या, मला या जाचातून सोडवा. तिनं बाजूचं झाकण काढलं, आत बघितलं आणि कार्डाची वायर बोटानं उचलून धरली.

‘काका, मी दोन वायरी लावून दिल्या होत्या. एक कुणी काढली?’

हे कार्ड वीज फार खातं. त्याला सप्लायपासून दोन वेगळ्या वायरी हव्यात. तिनं तशाच लावून दिल्या होत्या. एका वायरीला दोन तोंडं असतात, म्हणून मी दुसरी वायर जास्तीची समजलो, काढली, आणि एकाच वायरीची दोन्ही तोंडं कार्डाला लावली. सुबक दिसावं म्हणून. कालव्यात काम कमी, तेवढ्यापुरती ती वायर पुरायची. सरोवरात भार वाढला की वीज अपुरी आणि काळोख.

‘नीट दिसत नव्हतं म्हणून काढली,’ मी म्हणालो.

ती बिचारी मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, ‘ते जांभळे ठिपके ड्रायव्हरचेच होते हं, काका. नव्यात गेलेत.’

आजार रेड्याला आणि औषध पखालीला. एकतीस वर्षं मी पोरांना वायरीवरच्या भाराचा धडा शिकवला. दोन महिने कार्डाला शिव्या घातल्या, ड्रायव्हरला घातल्या, कंपनीला घातल्या. माझंच पॅनेल मी एकदाही तपासलं नाही, कारण ते माझं होतं.

दुसरी वायर लावली. घरी येऊन सरोवरात दोन तास पंधरा मिनिटं बोट चालवली. एकदाही डोळा मिटला नाही त्यानं. काय ते पाणी. लेकीला मेसेज टाकला, ‘बिघाड सापडला. उद्या दहाला. कॅप्टननं वेळेवर यावं.’

अजून वाचला नाही. कामात असेल.


रविवार, २५ फेब्रुवारी

नऊ वाजून पन्नास मिनिटांनी बसलो. इंजिन गरम करून ठेवलं. दहा वाजले, सव्वादहा झाले. दहा बावीसला तिचं नाव हिरवं झालं. मला इतका आनंद झाला की बोट मीच सोडली, सरळ सरोवराच्या दिशेनं, तिच्या हुकमाची वाट न बघता.

‘काय कॅप्टन, उशीर? आज बोल, हवं तेवढं बोल. आज पडणार नाही.’

सुकाणूवर हात नव्हता, बोट एका बाजूला ओढत होती. मग आवाज आला.

‘मी बोलतोय.’

जावई. मी म्हणालो, अहो वा, तुम्ही पण बसलात का आज.

‘ती तुमच्याकडे आहे ना?’

मला कळेना. म्हणालो, कोण?

‘सासरेबुवा, खोटं बोलू नका. वीस दिवस झाले. फोन उचलत नाही. एक बॅग घेऊन गेली. तुमच्याकडेच असणार. दर रविवारी दार लावून तुमच्याशीच तर बोलत बसायची. तुम्हाला काय माहीत नाही? सगळं सांगितलंच असेल की.’

मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, काय नाही? मी परत नाही म्हणालो. मग त्यानं आवाज चढवला. काय काय बोलला ते लिहीत नाही. तिच्याबद्दल बोलला, तिच्या आईबद्दलही बोलला. तो आवाज मी याआधी ऐकलेला नव्हता, आणि तरी ऐकताना मला कळलं की ती दोन महिने एवढं बारीक का बोलायची.

कानातलं काढून ठेवायला हवं होतं. काढलं नाही. वाटलं, आता पडेल. आता काळोख होईल आणि हा गप्प बसेल. पडलं नाही. तो सगळं बोलून थकेपर्यंत पाणी चमकत राहिलं, बोट काठाला जाऊन घासत राहिली. मग त्याचं नाव, म्हणजे तिचं नाव, विझलं.

वहीची मागची पानं वाचली. ५ फेब्रुवारी. वीस दिवस.


सोमवार, २६ फेब्रुवारी

सकाळपासून अकरा फोन. उचलत नाही. मेसेज टाकला, ‘मला कळलं. कुठं आहेस?’ जोडीदाराला बोलावलं. दोघांनी मिळून कॉट मोकळी केली. त्यानं त्या तीन बोटांनी चादरीचं टोक धरलं, मी दुसरं. उशी सापडली नाही, म्हणून माझी ठेवली.


मंगळवार, २७ फेब्रुवारी

दुपारी एकला तिनं फोन केला.

ठीक आहे. बायकांच्या वसतिगृहात आहे. पहिले चार-पाच दिवस त्या तोंडाळ साहेबिणीनं आपल्या घरी ठेवून घेतलं, मग तिथं सोय करून दिली. कामावर जाते, दुपारी जेवायला वसतिगृहावर येते. ११ तारखेला माझ्याशी बोलली ती तिथूनच, खाणावळीच्या दारात उभी राहून.

म्हणालो, ‘कॉट मोकळी केली आहे. मी आत्ता निघतो, घ्यायला येतो.’

‘नको, बाबा. लागली आता घडी.’

‘त्या दिवशी म्हणाली असतीस तर मी ते सगळं जमिनीवर फेकलं असतं गं.’

‘माहीत आहे,’ ती म्हणाली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, ‘मी चुकलो. आता सांग. काय झालं ते पहिल्यापासून सांग. मशीन बंद आहे, हातात काही नाही माझ्या. मी ऐकतोय.’

मला वाटलं लाइन गेली. हॅलो म्हणालो.

‘आहे,’ म्हणाली. ‘बाबा, तुम्हालाच सांगायचं होतं आधी. रोज मनात जुळवायची, रविवारी असं म्हणीन, तसं म्हणीन. पण आता सांगून झालं हो. साहेबिणीला सांगितलं. मग वकीलबाईंना सांगितलं, त्यांनी सगळं लिहून घेतलं, मी सही केली. आता परत पहिल्यापासून नाही सांगवत.’

‘मारायचा का?’ मी विचारलं.

‘बाबा, नको ना.’

मी नाही विचारलं मग. फोन दोघांनीही ठेवला नाही. तिकडं कुणीतरी बादली भरत होतं, नळाचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत आम्ही तसेच होतो. मग तिची जेवणाची सुट्टी संपली, तिला ऑफिसात जायचं होतं. जा म्हणालो.